चौथा फोटो

१

‘ती काय, दार लावून घरात स्वतःचेच फोटो काढत बसते!’ एखाद्या मुलीला निकालात काढायला आज एवढे एक वाक्य पुरते. बोलणाऱ्याला पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. ऐकणारे आपण होऊन माना डोलावतात. आळस, उथळपणा, नटवेपणा आणि झालेच तर चारित्र्याविषयी थोडासा संशय, असे सगळे त्या एका वाक्यात आयते बसवलेले असते. गंमत अशी की, रोज सकाळी आरशासमोर अर्धा तास मिशा कोरणाऱ्या गृहस्थाला हे वाक्य उच्चारताना संकोच होत नाही; आणि आपल्या वाढदिवसाला आपल्याच चेहऱ्याचे वीस-वीस फुटी फलक चौकाचौकांत टांगवून घेणाऱ्या पुढाऱ्यालाही तो होत नाही. स्वतःचा चेहरा साऱ्या गावाच्या डोक्यावर टांगणे ही लोकसेवा, आणि तोच घराच्या खिडकीशी बसून एकटीने न्याहाळणे हे मात्र व्यसन!

हा न्याय मला मान्य नाही. घरात, एकट्याने, विचार करून स्वतःचा फोटो काढणे ही जुनी, कष्टाची आणि सभ्य कला आहे. तिला आत्मप्रौढी म्हणणारे तिचा इतिहासही जाणत नाहीत आणि रीतही जाणत नाहीत. शिवाय ज्यांचे फोटो आजवर दुसऱ्यांनीच आणि दुसऱ्यांच्याच कामासाठी काढले, त्यांच्या बाबतीत हा नुसता हौसेचा प्रश्न राहत नाही. तो हक्काचा प्रश्न होतो. हे तिन्ही मुद्दे मला येथे मांडायचे आहेत. आणि ते मांडताना, जे स्वतःला या कलेचे कैवारी समजतात त्यांनाही चार शब्द सुनावायचे आहेत.

२

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरातील बाईचे, विसाव्या शतकाचा बराचसा काळ, हिशेबात धरण्यासारखे तीनच फोटो असत.

पहिला निघे स्थळे पाहायला लागल्यावर. तालुक्याच्या गावी स्टुडिओत तिला घेऊन जात. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान किंवा जिना. बाजूला तिवई आणि तिवईवर कागदी फुलांचा गुच्छ. साडी बहुधा वहिनीची. तोंडावर पावडरीचा एक हात जास्तच. हनुवटी किती वर ठेवायची ते फोटोग्राफर सांगे आणि हसायचे की नाही ते आई. हा फोटो पुढे पाकिटातून गावोगाव हिंडे. पत्रिका जुळली नाही की परत येई. कधी येतही नसे, आणि कोणत्या घरच्या कोणत्या खणात तो पडून राहिला हे तिला कधी कळत नसे.

दुसरा फोटो लग्नातला. मुंडावळ्यांच्या आड निम्मा चेहरा, नजर खाली. शेजारी नवरा सरळ समोर पाहतो आहे.

तिसरा फोटो खरे म्हणजे कोणी काढलेलाच नसतो. ती गेल्यावर घरात शोधाशोध सुरू होते. तिचा एकटीचा असा एकही फोटो सापडत नाही. मग कोणाच्या तरी मुंजीतल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा उचलून मोठा करून घेतात. रिटचिंग करणारा पदर सारखा करतो, सवाष्ण गेली असेल तर कुंकू ठळक करतो. अशा तसबिरीच्या कडेला एखाद्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या कोणाचा तरी खांदा तसाच राहून गेलेला दिसतो. त्या खांद्यासकट तिला हार घालतात आणि श्राद्धाच्या दिवशी त्या चेहऱ्याला नमस्कार करतात. हा चेहरा तिचा आहे. पण ज्या क्षणी तो टिपला गेला त्या क्षणी ती बहुधा ‘पंगतीला उशीर होतो आहे’ एवढाच विचार करीत होती.

एक पसंतीसाठी, एक नोंदीसाठी, एक हारासाठी. तिन्हींत तिने कोठे पाहावे हे दुसऱ्याने ठरवले. पुरुषाला निदान कचेरीचा ग्रुप फोटो होता, बदलीच्या वेळचा निरोप समारंभ होता, खुर्चीवर पायावर पाय टाकून बसण्याची मुभा होती.

आता कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. आज घरातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि त्यात हजारो फोटो आहेत. आहेत खरेच! पण ते एकदा नीट चाळून पाहा. मुलांचे आहेत, सहलींचे आहेत, वाढदिवसाच्या केकचे आहेत. ज्या घरात फोटो आई काढते त्या घरच्या फोटोंत आई नसते. असली तर वाढताना, कडेला, ‘अगं, इकडे बघ’ म्हटल्यावर दचकून वर पाहिलेली. फोटोंची संख्या वाढली. तिच्याकडे पाहण्याची रीत फारशी बदललेली नाही.

मी ज्याची बाजू घेते आहे तो या तिन्हींच्या पलीकडचा चौथा फोटो. तो कोणाला पाठवायचा नसतो, कोणाला पसंत पडायचा नसतो, कोणत्या समारंभाची साक्ष म्हणून ठेवायचा नसतो. ज्याचा चेहरा त्यानेच तो काढायचा, आणि कसा काढायचा हेही त्यानेच ठरवायचे.

३

हा फोटो आजच्या पोरांनी शोधून काढला, असा एक समज आहे. ‘सेल्फी’ हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१३ साली त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला. त्यामुळे वस्तूही तेवढीच नवी असावी असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात छायाचित्रण आणि आत्मचित्र ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. दागेरची पद्धत पॅरिसला १८३९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाला रॉबर्ट कॉर्नेलियस या दिव्यांच्या धंद्यातल्या तरुणाने घरच्या दुकानापाशी कॅमेरा मांडून स्वतःचे चित्र घेतले. भिंगावरचे टोपण काढायचे, धावत जाऊन समोर बसायचे, न हलता बसून राहायचे, मग उठून टोपण पुन्हा लावायचे, असा तो खटाटोप. आपण चौकटीत नेमके कोठे आहोत हे त्याला दिसत नव्हते. म्हणून चित्रात तो मधोमध नाही, जरा बाजूला सरकलेला आहे. केस विस्कटलेले आहेत. कॅमेऱ्याने टिपलेले जे सर्वांत जुने मानवी चेहरे आपल्यापर्यंत आले, त्यांतला हा एक. आणि तो ज्याचा त्यानेच टिपलेला आहे.

दुसरे उदाहरण तर मला फारच आवडते. ईपोलित बायार हा पॅरिसच्या अर्थखात्यातला एक कारकून. कागदावर थेट चित्र उमटवण्याची पद्धत त्याने स्वतः शोधली होती आणि १८३९ च्या जूनमध्ये, म्हणजे दागेरची कृती उघड होण्याआधीच, तिचे नमुने लोकांपुढे मांडलेही होते. पण मान आणि सरकारी तनखा गेला दागेरकडे. तेव्हा १८४० साली बायार उघड्या अंगाने, डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून कॅमेऱ्यापुढे बसला. आणि त्या चित्राच्या पाठीवर त्याने लिहून ठेवले की, हे बुडून मेलेल्या बायारचे प्रेत आहे. सरकारने दुसऱ्याला उदंड दिले आणि याला काही देता येत नाही असे सांगितले, म्हणून बिचाऱ्याने पाण्यात जीव दिला! उन्हाने रापलेला चेहरा आणि हात चित्रात काळे उमटले होते. ते कुजू लागले आहेत, अशी पुस्तीही त्याने जोडली. हा ‘मेलेला’ इसम पुढे १८८७ पर्यंत जगला. ज्यांना आत्मचित्र म्हणजे नटणे-मुरडणे वाटते त्यांनी हे प्रेत डोळ्यांपुढे ठेवावे. छायाचित्रणाच्या दुसऱ्याच वर्षी एका कारकुनाने स्वतःच्या देहाचा तक्रारअर्ज केला होता.

आपल्या देशातही दाखले आहेत. चित्रकर्ती अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग संस्कृत-फारसीचे व्यासंगी. १८७० ते १९५४ एवढे त्यांचे आयुष्य, आणि त्यातली कित्येक दशके त्यांनी घरातल्या घरात स्वतःचे फोटो काढण्यात घालवली. कधी पुस्तकांत बुडालेले, कधी घरच्या साध्या कपड्यांत. १९३० साली पॅरिसला असताना पंधरा दिवसांच्या उपवासानंतर त्यांनी आपल्या उघड्या शरीराचा फोटो घेतला. तो पाहून ‘किती हा नटवेपणा’ असे कोण म्हणेल? तो योगाभ्यासी माणसाने आपल्याच देहाचा केलेला पंचनामा आहे. हे फोटो वर्षानुवर्षे कुटुंबाच्याच संग्रहात राहिले. त्यांचे नातू, चित्रकार विवान सुंदरम, यांनी ते पुढे जगापुढे आणले.

आणि आपले दादासाहेब फाळके? १९१२ साली चित्रपटासाठी भांडवल मिळवायचे होते तेव्हा त्यांनी वाटाण्याचे बी रुजवून, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत, त्या अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. घर हीच त्यांची प्रयोगशाळा होती आणि सरस्वतीबाई त्या प्रयोगशाळेत बरोबरीने राबत होत्या. पुढे १९१७ साली चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी एक फिल्म त्यांनी केली. तीत काम करताना दिसतात ते खुद्द फाळकेच. त्याला आपण इतिहासाचे साधन म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईने टेबलावर मोबाईल उभा करून, यंत्रावर वाकलेली आपली पाठ टिपली, तर तिला मात्र ‘काय ही हौस!’ म्हणून का हसायचे?

या हसण्याला आपल्या वाङ्मयातही आधार नाही. मराठी वाचकाने रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० सालापासून डोक्यावर घेतल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून येऊ लागली आणि आजही घरोघर वाचली जातात. स्वतःविषयी शेकडो पाने लिहिणाऱ्या या बायकांना कोणी आत्मरत म्हटले नाही. मात्र रमाबाईंच्या पुस्तकाच्या नावात ‘आमच्या आयुष्यातील’ असा शब्दप्रयोग आहे, आणि पुस्तकाचा कणा आहे पतीचे चरित्र, हे विसरू नये. ‘आमच्या’पासून ‘माझ्या’पर्यंत यायला लेखणीला वेळ लागला. कॅमेऱ्याला आपण तेवढीही सवड द्यायला तयार नाही.

४

आता प्रत्यक्ष रीत पाहू. कारण जो हे एकदा नीट करून पाहील त्याचा आत्मप्रौढीचा आक्षेप आपोआप गळेल.

घर दोन खोल्यांचे आहे असे धरा. पहिली गोष्ट म्हणजे प्रकाश. उत्तरेची खिडकी असेल तर दिवसभर मऊ उजेड मिळतो. नसेल तर कोणत्या खिडकीतून कोणत्या वेळी किती ऊन येते ते चार दिवस पाहावे लागते. ज्या घरात वीस वर्षे काढली त्या घरात दुपारी साडेतीन वाजता भिंतीवर गजांची सावली पडते, हे पुष्कळांना तेव्हाच प्रथम कळते. चेहऱ्याची खिडकीकडची बाजू उजळते, दुसरी काळोखात जाते. त्या बाजूला दोरीवर पांढरे धोतर किंवा चादर टाकली की उजेड परतून चेहऱ्यावर येतो.

मोबाईल धान्याच्या डब्याला टेकवून उभा करता येतो. कॅमेरा असेल तर तिकाटण्यावर. हात लांब करून पुढच्या भिंगाने फोटो घेऊ नये. अंतर हातभरच असल्यामुळे नाक थोराड दिसते आणि कान मागे पळतात. पाचसहा फुटांवरून घेतला तर चेहऱ्याची प्रमाणे खरी येतात. पण पाचसहा फुटांवर गेले की आपण चौकटीत कसे दिसतो ते दिसत नाही. येथेच कॉर्नेलियसची अडचण आपल्याही वाट्याला येते. मग जेथे बसायचे तेथे स्टुलावर उशी उभी करून तिच्यावर नेम धरायचा, दहा सेकंदांचा टायमर लावायचा, धावत जाऊन उशी काढून तिच्या जागी बसायचे. पहिल्या दहा फोटोंत माणूस धापा टाकतानाच येतो. पुढच्या दहांत ‘फोटोसाठीचे तोंड’ येते. हे तोंड कोणाचे असते? स्थळाच्या फोटोतल्या मुलीचे, ओळखपत्रावरच्या इसमाचे. तिसाव्या-चाळिसाव्या फोटोला कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यात कधीतरी चेहरा सैल सुटतो. तोवर तासभर गेलेला असतो, कुकर थंड झालेला असतो आणि पाठ भरून आलेली असते.

मग फोटो पाहायचा. तो परका वाटतो, कारण आपण आपल्याला ओळखतो ते कपाटाच्या आरशातून, आणि आरसा डावे-उजवे उलटे दाखवतो. जग पाहते तो चेहरा आपल्या परिचयाचा नसतो. आपल्या आईच्या ओठांची ठेवण आपल्यात आली आहे, डावी पापणी जरा खाली ओघळली आहे, खांदा एका बाजूने झुकला आहे, हे एकेक दिसू लागते. आत्मप्रौढी असणाऱ्याने अवश्य हा उद्योग करावा. त्याच्यावर याहून चांगले औषध नाही.

‘पण घरात टिपण्यासारखे असते काय?’ असेही विचारतात. फ्रान्सिस्का वुडमन ही अमेरिकन मुलगी १९८१ साली, अवघ्या २२ व्या वर्षी गेली. प्रॉव्हिडन्सला विद्यार्थिनी असताना पोपडे निघालेल्या भिंती आणि फाटका भिंतकागद एवढ्या सामग्रीवर तिने आत्मचित्रे केली. शटर बराच वेळ उघडे ठेवायचे आणि आपण हलत राहायचे. त्यामुळे खोली ठाम दिसते आणि माणूस धुरासारखा. जपानात कुमामोतोच्या किमिको निशिमोतो या बाईंनी ७२ व्या वर्षी, मुलाच्या वर्गात बसून कॅमेरा हाती धरला. त्यांच्या फोटोंत त्या कधी कपडे वाळत घालायच्या काठीला धुण्यासारख्या लटकलेल्या आहेत, तर कधी कचऱ्याच्या पिशवीत बांधलेल्या. म्हातारपणाची जी कीव जग करते ती त्यांनी स्वतःच रंगवून तिची टर उडवली. २०२५ साली ९७ व्या वर्षी त्या वारल्या. काठी, पिशवी, धुणे यांतले आपल्या घरात काय नाही?

५

येथवर वाचून कित्येक तरुण वाचक खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावे.

कारण या चौथ्या फोटोचा खरा शत्रू टीका करणारा म्हातारा नव्हे. तो मोबाईलच्या आत बसला आहे. बोट लावताच कातडी गुळगुळीत करणारा, रंग दोन छटा उजळ करणारा, हनुवटी निमुळती आणि डोळे मोठे करणारा जो ‘फिल्टर’ आहे, त्याला मी चांगला ओळखते. तो आपल्या स्टुडिओतला जुना रिटचिंगवालाच आहे. तालुक्याच्या गावी तो पेन्सिलीने हेच करीत असे, आणि ‘मुलगी जरा उजळ दिसू दे’ असे बाप त्याला हळूच सांगत असे. आता बापाला सांगावेही लागत नाही. मुलगी स्वतःच, कोणी न सांगता, स्वतःला उजळ करून घेते. दार लावून, एकांतात, स्वतःच्या हाताने काढलेला फोटो अशा रीतीने पुन्हा पाकिटात जाऊन बसतो आणि गावोगाव पसंतीसाठी हिंडू लागतो. पूर्वी तो पाचपन्नास घरी जाई, आता पाच हजार. पसंतीचे अंगठे मोजत बसणे आणि परत आलेल्या पाकिटाची वाट पाहणे यांत मला काही फरक दिसत नाही. तिने काढला तो चौथा फोटो नव्हेच. तो पहिलाच आहे; फक्त फोटोग्राफरची मजुरी वाचली.

आपला सावळा रंग ज्याला स्वतःच्या एकांतातही सोसवत नाही, त्याने कलेच्या स्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत. रूपांतराला माझा विरोध नाही. बायारने सोंग आणले, निशिमोतोबाईंनीही आणले. सोंग आणणारा आपण काय करतो आहोत हे जाणतो आणि पाहणाऱ्यालाही ते कळू देतो. फिल्टर वापरणारा ते लपवतो, आणि हळूहळू स्वतःपासूनही लपवू लागतो. खोट बदलण्यात नाही, या लपवण्यात आहे.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. ‘फोटो बाहेर गेला तर? चेहरा उचलून भलत्याच देहाला चिकटवणारे लोक आहेत. आता तर यंत्रच ते काम क्षणात करते.’ हे भय खरे आहे. पण ज्याला चेहरा चोरायचा आहे त्याला चौथ्याच फोटोची गरज असते काय? लग्नाचा अल्बम आहे, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे फोटो आहेत, कचेरीचे ओळखपत्र आहे. त्या फोटोंना कोणी बंदी घालत नाही. चोर मोकळा, आणि जिचे घर फुटेल तिलाच दारे-खिडक्या लावून बसायला सांगायचे, हा आपला जुना शहाणपणा आहे. तो येथेही चालू आहे, इतकेच. शिवाय फोटो काढणे आणि तो जगाला दाखवणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. रोजनिशी लिहिणारा ती चावडीवर वाचून दाखवत नाही. हाही फोटो कागदावर उतरवून कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवता येतो. कोणाला दाखवायचा, कधी दाखवायचा, की कोणालाच नाही, हे ठरवण्याचा अधिकार हा त्या फोटोचाच एक भाग आहे.

म्हणून घरातल्या कर्त्या माणसांना माझे सांगणे एवढेच. घरात कोणी दुपारच्या उजेडात स्टूल सरकवून, चादर टांगून, डब्याला मोबाईल टेकवून काही खटपट करीत असेल, तर तेथून हसत जाऊ नका, ‘कोणासाठी एवढे?’ असे विचारू नका, आणि ‘आण, मी काढून देतो’ असे तर मुळीच म्हणू नका. फार झाले तर कुकर तेवढा बंद करा. पुढे कधीतरी त्या घराला हार घालण्यासाठी एक फोटो लागेल. तेव्हा मुंजीच्या ग्रुपमधून चेहरा कापून काढावा लागणार नाही. तिने स्वतः पाहून, स्वतः ठरवून ठेवलेला एक फोटो साड्यांच्या घडीखाली असेल, आणि त्याच्या कडेला दुसऱ्या कोणाचा खांदा नसेल.